लाकडाचा सेल

“खुर्चीत बसवून? चार मजले?” वहिनीनं हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. “बाबा, आईंच्या खुब्याचे टाके अजून ओले आहेत. त्या काय कपाट आहेत जिन्यानं चढवायला?”

“कपाट याच जिन्यानं आणलं होतं मी,” बाबा म्हणाले. “ओरखडासुद्धा उठला नव्हता.”

“मग लिफ्ट कशाला आहे? शोभेला?”

“सध्या तरी शोभेलाच.”

शुक्रवारची दुपार होती. शनिवारी अकरा वाजता आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. बाबांनी कुणाला न विचारता खाली जाऊन इस्त्रीवाल्याला, त्याच्या भावाला आणि वॉचमनला सांगून ठेवलं होतं: खुर्ची दोघांनी पुढून धरायची, दोघांनी मागून. मागचा चौथा म्हणजे दादा. तो जेवणाच्या टेबलाशी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. भरलेली बादली उचलली तरी त्याची कंबर धरायची.

“माझं नाव यात कुणी घातलं?” तो म्हणाला.

“मी. बाप आहे म्हणून घातलं.”

“बेबीताई, तुम्ही तरी बोला काहीतरी,” वहिनी म्हणाली. “तुमचीच लिफ्ट आहे ना ती?”

बेबी खिडकीशी उभी होती. सकाळपासून ती बसलीच नव्हती. आधी आईची खोली झाडली, मग झाडलेलीच पुन्हा झाडली, पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि परत मागे सारला. आता ती पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखानं सोलत होती. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती बेबीच होती. खरं नाव फक्त ऑफिसात चालायचं. लग्न तिनं केलं नव्हतं. त्याबद्दल घरात आता कुणी बोलत नसे, आणि तेच तिला जास्त लागायचं.

लिफ्ट तिची होती हे खरं. म्हणजे पोलादी डबा, दोर, मोटर तिची नव्हती. त्या डब्यानं कधी हलायचं, कधी थांबायचं, दार कधी उघडायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. अकरा माणसांच्या कंपनीत ती सोळा वर्षं तेच करत होती. नवा प्रोग्रॅम एखाद्या खऱ्या इमारतीत चालवून बघायचा ठरलं, तेव्हा तिनंच आपल्या इमारतीचं नाव पुढे केलं. कमिटीवाले खूश झाले. गेल्या आठवड्यात नवा कंट्रोलर, म्हणजे तो प्रोग्रॅम चालवणारी पेटी, आणि नवा ब्रेक बसला. सोमवारी तोच प्रोग्रॅम साठ इमारतींत जायचा होता आणि त्याच्या कागदावर बेबीची सही लागणार होती.

आणि मंगळवारपासून बाबांनी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, पण कठड्याला धरून एकेक पायरी चढायचा. वर आल्यावर दाराशी उभा राहून इतका मोठ्यानं धापा टाकायचा की सगळ्या मजल्याला कळावं. बुधवारी त्यांनी पुठ्ठ्यावर ‘लिफ्ट वापरू नये’ असं लिहून लिफ्टच्या दाराला चिकटवलं. वहिनीनं ते उपटून आणलं. गुरुवारी दुसरं लावलं.

“बाबा,” बेबी म्हणाली, “शेवटचं सांगते. ब्रेक नवा आहे. नव्या ब्रेकचा आवाज होत नाही.”

“मग एक तरी का होतो?”

“म्हणजे?”

“ब्रेकला दोन शू असतात. एक चाकाला डावीकडून धरतो, एक उजवीकडून. टक-टक. किती जवळजवळ आले तरी दोन येतात. ही येते, थांबते आणि एकच टक. बिनआवाजाचा असता तर एकही आला नसता.”

“तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई सांगत होत्या,” वहिनी म्हणाली, “सोमवारी बाबा लिफ्टमध्ये भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभे होते म्हणे. त्यांना वाटलं चक्कर आली. पाणी आणायला धावल्या बिचाऱ्या.”

“पाणी चांगलं होतं,” बाबा म्हणाले. “गार होतं.”

दादा हसला. बेबी हसली नाही.

“एक शू जरी बसला नाही ना, तरी लिफ्ट जागच्या जागी बंद पडेल,” ती म्हणाली. “तसं मी लिहिलंय. ती बंद पडलेली नाही. म्हणजे दोन्ही शू बसतायत. संपलं.”

“तू वर जाऊन पाहिलंस?”

“पाहायची गरज नाही. प्रोग्रॅम पाहतो.”

“मग मला किल्ली दे. मी पाहतो.”

गच्चीवरच्या मशीनरूमची किल्ली बेबीच्या पर्समध्ये असायची. दोन वर्षांपूर्वी बाबा तिथल्या लोखंडी शिडीवरून पडले होते. सात पायऱ्यांची शिडी, पाचवीवरून पडले. तेव्हापासून किल्ली त्यांना द्यायची नाही असं घरात ठरलं होतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःच्या इमारतीच्या मशीनरूमची किल्ली मिळत नव्हती. ते आठवड्यातून एकदा तरी मागायचे. नाही म्हटलं की जेवताना बोलायचे नाहीत.

“किल्ली नाही,” बेबी म्हणाली.

“मग खुर्ची,” बाबा म्हणाले आणि टेबलाशेजारच्या खुर्च्या एकेक करून हलवून बघायला लागले, कुठली कुरकुरत नाही ते.

बेबी आपल्या खोलीत गेली. दार लोटलं, लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

ती आठ वर्षांची असताना बाबा तिला सुट्टीच्या दिवशी कामावर न्यायचे. तेल प्यायलेल्या फरशीवर एक लाकडी पेटी असायची, तिच्यावर तिला बसवायचे आणि सांगायचे, हात कशाला लावायचा नाही, फक्त ऐक. दोर चाकावरून सरकताना कसा वाजतो, दार चिकटलं की मोटर कशी कुंथते, ब्रेक बसताना कसा टक-टक करतो. घरी जाताना परीक्षा. ‘आज त्या मशीनला काय झालं होतं?’ बरोबर सांगितलं तर बाबा आईला म्हणायचे, ‘हिचे कान माझे आहेत.’ पुढे ती कॉम्प्युटर शिकली, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, ‘त्याचा आवाज कसा असतो?’ तिनं सांगितलं, काही नसतो. बाबांचा चेहरा पडला होता.

तिचं काम त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न तिनं एकदाच केला होता, मागच्या वर्षी, जेवणाच्या टेबलाशी. जुन्या प्रोग्रॅममध्ये ब्रेकचं सगळं आतच लिहिलेलं होतं. कुठल्या कंपनीचा, कुठली तार, किती व्होल्ट. ब्रेक बदलला की निम्मा प्रोग्रॅम उसवायला लागायचा. नव्यात तिनं तसं ठेवलं नाही. ब्रेकवर नजर ठेवणारं जे काही असेल त्याला तिनं ‘साक्षीदार’ असं नाव दिलं, आणि त्याच्यासाठी फक्त अटींचा कागद लिहिला. त्यालाच इंटरफेस म्हणायचं. अटी दोनच: डावा शू बसला का ते सांगता आलं पाहिजे, उजवा बसला का ते सांगता आलं पाहिजे. एवढं ज्याला येतं तो कुणीही चालेल. आणि तो साक्षीदार प्रोग्रॅमनं स्वतः शोधून आणायचा नाही. सुरुवातीलाच बाहेरून त्याच्या हातात द्यायचा.

‘हा टॉर्च बघा,’ ती तेव्हा म्हणाली होती. ‘टॉर्च स्वतःचा सेल बनवतो का? आपण बाहेरून घालतो. कुठल्याही कंपनीचा चालतो. माप तेवढं तेच हवं.’

बाबांनी टॉर्च हातात घेऊन फिरवला होता. ‘आणि त्या मापाचा लाकडाचा ठोकळा घातला तर?’

‘बाबा! मग टॉर्च लागणारच नाही ना. कळेलच की.’

‘दिवसा टॉर्च लावून कोण बघतंय?’

ते तिनं ऑफिसात विनोद म्हणून सांगितलं होतं. सगळे हसले होते. साहेब तर दोनदा हसले.

आता ती खोलीत उभी होती आणि लाकडाचा ठोकळा डोक्यातून जात नव्हता. कारण तिनं असा एक ठोकळा खरोखरच बनवला होता. ऑफिसातल्या टेबलावर लिफ्टचा ब्रेक कुठून येणार? म्हणून प्रोग्रॅम तपासून बघण्यासाठी एक खोटा साक्षीदार लिहिला होता. डावा बसला का? हो. उजवा बसला का? हो. सहा ओळींचा, गुणी, कधी तक्रार नाही. ती ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं चालवण्याआधी तपासून घेणारा, फार खडूस होता. कोणती वस्तू कुणाच्या मालकीची, कुणी किती वेळ उसनी घेतली, सगळ्याची झडती घ्यायचा, आणि बेबीला त्याचा अभिमान होता. पण अटींच्या कागदावरच्या दोन्ही अटी पाळणारा कुणीही आला की तो काही न विचारता आत सोडायचा. खोटा साक्षीदार त्याच्या दृष्टीनं पक्का होता.

पण खोटा ऑफिसात, खरा इमारतीत. इथं खराच दिला होता. तिनं स्वतः.

“बेबीताई,” वहिनीनं दार ढकललं, “आईंच्या पलंगाखाली तुमचं खोकं आहे, ते कुठे ठेवू?”

“ठेवा कुठेही.”

“कुठेही म्हणजे कुठे? परत विचारायला यायला नको मला.”

“वहिनी, कुठेही!”

“बाप तशी लेक,” वहिनी म्हणाली आणि दार उघडंच टाकून गेली.

बेबीनं लॅपटॉप काखेत मारला, पर्समधून किल्ली घेतली आणि बाहेर पडली. टेबलाजवळून जाताना कुणाकडे बघितलं नाही. बाबा खुर्चीच्या पायाला सुतळी गुंडाळत होते. त्यांनी किल्लीचा आवाज ऐकला असणार, पण मान वर केली नाही.

लिफ्टचं बटण दाबायला तिनं हात पुढे केला, मागे घेतला आणि जिन्यानं गच्चीवर गेली.

मशीनरूममध्ये उकडत होतं. तेलाचा आणि तापलेल्या तारांचा तोच वास. कंट्रोलरच्या पेटीला वायर लावून तिनं आठवडाभराच्या नोंदी उघडल्या. लिफ्ट जितक्या वेळा थांबली तितक्या ओळी. प्रत्येक ओळीत: डावा बसला, उजवा बसला, बसायला किती वेळ लागला. पहिली ओळ: शून्य मिलिसेकंद. दुसरी: शून्य. तिनं पडदा खाली सरकवला. शून्य, शून्य, शून्य. सोमवार शून्य. मंगळवार शून्य. तेवीसशे वेळा लिफ्ट थांबली होती आणि तेवीसशे वेळा लोखंडाचा शू अजिबात वेळ न घेता चाकाला जाऊन भिडला होता.

लोखंडाला वेळ लागतो. कंपनीच्या चाचणीच्या टॉवरवर हाच ब्रेक एकशेऐंशी मिलिसेकंद घ्यायचा, कधी दोनशे. शून्य वेळात फक्त तिचा खोटा साक्षीदार हो म्हणायचा, कारण त्याला कुठे जायचंच नसे.

आठ महिन्यांपूर्वीची ती ओळ तिला शोधावी लागली नाही. कुठे होती ते हात सांगत होते. प्रोग्रॅम सुरू झाला की खऱ्या साक्षीदाराला हाक मारायची, दोन सेकंद वाट बघायची, उत्तर आलं नाही तर खोटा द्यायचा. टेबलावर ब्रेक नसला तरी प्रोग्रॅम रुसू नये म्हणून. शेजारी तिनंच लिहिलेला शेरा: ‘तात्पुरतं’. टॉवरवर ब्रेकचं कार्ड, म्हणजे शू बसल्याचं सांगणारा खरा साक्षीदार, कायम चालू असायचं, लगेच ओ द्यायचं. इथं कार्ड आणि कंट्रोलर एकाच वेळी चालू झाले. ते कार्ड जागं व्हायला चार सेकंद घेतं हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका बेबीच्या ड्रॉवरमध्ये होती.

खरा साक्षीदार आठवडाभर दाराबाहेर उभा राहून ओरडत होता आणि आत कुणी ऐकत नव्हतं.

तिनं लॅपटॉप पेटीवर ठेवला आणि ब्रेकसमोर उकिडवी बसली. कुणीतरी खालून लिफ्ट बोलावली. चाक फिरायला लागलं, दोर सरसरले, गती कमी झाली आणि डावा शू चाकाला भिडला. टक. उजवा अर्ध्यावर येऊन थांबला. मध्ये नखाएवढी फट. त्याची खीळ अडकली होती, बसवतानाच वाकडी बसवलेली असावी. बेबीनं डोळे मिटले. पुढच्या वेळेला नुसतं ऐकलं. टक. बस्स, एकच.

एका शूवरही लिफ्ट थांबून राहते. म्हणूनच दोन बसवतात. एक गेला तर दुसरा आहे, आणि एक गेल्याचं कळावं म्हणून साक्षीदार आहे. तो तिनं लाकडाचा बसवला होता आणि उद्या अकरा वाजता त्याच्या भरवशावर आईला आत बसवणार होती.

तिनं वॉचमनला फोन लावला. “लिफ्ट कुठे आहे?”

“तळमजल्याला, ताई.”

“आत कोण आहे?”

“कुणी नाही. वाण्याची पिशवी आहे मास्तरीणबाईंची.”

“पिशवी बाहेर काढा. दारापासून लांब व्हा. झाले लांब?”

“झालो. पण ताई, बाबांनी सांगितलेलं की...”

तिनं मेन स्विच खाली ओढला. पंख्याची घरघर थांबली. मशीनरूम इतकी गप्प झाली की तिला आपला श्वास ऐकू आला. तिनं दवाखान्यात फोन केला, नंतर साहेबांना.

“एक ओळ आहे ना?” साहेब म्हणाले. “काढून टाक. वाट बघायची दोन सेकंदांची दहा कर. सोमवारला अजून दोन दिवस आहेत.”

“दहा केली तर एखादं कार्ड अकरा सेकंद घेईल. साठ इमारती आहेत, साहेब.”

“इतके दिवस तूच सांगत होतीस ना, कंपायलर पास करतो म्हणजे करतोच?”

“त्यानं अटी बघितल्या. माणूस मी बघायचा होता.”

“मग आता काय म्हणणं आहे तुझं?”

“खोटा साक्षीदार बाहेर जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असताच कामा नये. खरा नसेल तर लिफ्टनं हलायचंच नाही. ते लिहिते, आणि प्रत्येक इमारतीत कुणीतरी वर उभं राहून दोन आवाज ऐकल्याशिवाय सही करत नाही.”

“आवाज?” साहेब म्हणाले. “कागदावर आवाज कसा लिहिणार?”

“रकाना वाढवा.”

साहेब म्हणाले, सोमवारी सगळ्यांसमोर हे तूच सांग. तिनं बरं म्हटलं. साठ इमारतींच्या माणसांसमोर उभं राहून सांगायचं की मी ठोकळा घातला. सोळा वर्षांत तिनं असं कधी सांगितलं नव्हतं.

शिडी उतरताना पाचव्या पायरीवर तिचा पाय सरकला. तिनं दांडी घट्ट धरली. पायरी सैल होती. म्हणजे दोन वर्षांपूर्वीही सैलच असणार. आणि घरातले सगळे म्हणत आले होते की बाबांना तोल सांभाळता येत नाही.

घरात दिवे लागले होते. बाबांनी पसंत केलेली खुर्ची मधोमध होती, चारही पायांना सुतळी. वहिनी तिच्यात मांडीवर उशी घेऊन बसली होती आणि दादा मागून पाठ धरून वाकला होता.

“उचल ना!” वहिनी म्हणत होती. “मी पंचावन्न किलो, आई पंचेचाळीस. मी उचलले गेले तर त्या जातील.”

“तू पंचावन्न?”

“उचल म्हणते ना!”

“कंबरेतून नाही, गुडघ्यातून,” बाबा सांगत होते.

बेबी आत आली. तिच्या हाताला तेल लागलेलं होतं. बाबांनी आधी हात बघितले, मग चेहरा. तिला वाटलं, त्यांनी विचारावं. ‘सांगितलं होतं ना’ म्हणावं, ओरडावं. ते खुर्चीची सुतळी चाचपत राहिले.

“लिफ्ट बंद झालीय का हो?” वहिनीनं विचारलं. “मास्तरीणबाईंचा आत्ता फोन आला होता. वॉचमननं त्यांची पिशवी बाहेर फेकली म्हणे.”

“मी बंद केलीय,” बेबी म्हणाली. “उजवा शू बसत नाही. आणि तो बसत नाही हे प्रोग्रॅमला कळत नव्हतं, कारण मी त्याच्यात ठोकळा घालून ठेवला होता.”

“कसला ठोकळा?” दादानं विचारलं.

बाबांची बोटं सुतळीवर थांबली.

“आई उद्या येणार नाही,” बेबी म्हणाली. “दवाखान्यात बोललेय मी, बुधवारपर्यंत खाट आहे. खुर्चीनंही आणायचं नाही, दादाची कंबर जाईल आणि आईचे टाके. ब्रेक दुरुस्त होईल, मी माझं दुरुस्त करीन, मग बाबा वर जाऊन ऐकतील, आणि ते हो म्हणाले तरच आई लिफ्टनं येईल. तोवर सगळ्यांनी जिन्यानं जायचं. सोमवारचं साठ इमारतींचंही थांबवलंय. शिडीची पाचवी पायरी सैल आहे, ती उद्या सकाळी मी पक्की करून घेते.”

तिनं तेलकट हातानं किल्ली काढून टेबलावर, बाबांच्या पुढ्यात ठेवली.

“आणि ही आजपासून बाबांकडे.”